कल ओळखायचा कसा? हिशोबाच्या ऑफिसातून अक्षरांच्या कामाकडे

दहावी-बारावीची मुलं आणि नोकरीत दोन-तीन वर्षं काढलेली मंडळी मला एकच प्रश्न विचारतात : "मला नक्की काय आवडतं, हे कसं ओळखू?" मी त्यांना आवडीच्या आधी नजर तपासायला सांगतो. कोणत्या कामातली चूक तुम्हाला कुणी न दाखवता दिसते? आणि ती सुधारल्याशिवाय चैन पडत नाही, असं कुठे होतं? अंगच्या गुणाची याहून भरवशाची खूण मला अजून सापडलेली नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी एका सीएंच्या ऑफिसात लागलो. शेजारच्या टेबलावर एक सीनियर ताई बसायच्या. एकदा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंचा ताळा, ५४० रुपयांनी जुळेना. मी व्हाउचर पहिल्यापासून तपासायला घेतली. ताईंनी नुसता आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "नवानं भाग जातोय बघ. कुठंतरी आकडे उलटे पडलेत." चहा संपायच्या आत एंट्री सापडली. १,८२० च्या जागी १,२८० लिहिले गेले होते. शेजारचे दोन आकडे उलटे लिहिले गेले की येणाऱ्या फरकाला नवानं भाग जातो. ही युक्ती हिशोब शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असते, मलाही होती. पण ताईंना ती त्या क्षणी सुचली आणि फरक शून्य झाल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मला फक्त काम संपल्याचं बरं वाटलं. हिशोबाचं काम रुक्ष असतं असं कुणी म्हणालं की मला ताई आठवतात. ते काम त्यांचं होतं, माझं नव्हतं, एवढंच.

माझी नजर दुसरीकडेच अडकायची. ऑफिसच्या समोरच्या इमारतीवर 'क्षितिज' अशी मोठी पाटी होती. तिच्यातल्या 'क्षि'ची ऱ्हस्व वेलांटी तोकडी होती. वेलांटीची कमान वरून वळून अक्षराच्या दंडापर्यंत पोचायला हवी. इथे ती अर्ध्यावरच थांबली होती. 'नि'ला पुरणारी वेलांटी 'क्षि'ला आणि 'स्त्रि'ला पुरत नाही, म्हणून चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी वेगवेगळ्या रुंदीत काढून ठेवलेली असते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाटी चुकली आहे, एवढं मात्र रोज दिसायचं आणि मी व्हाउचरच्या मागे ती वेलांटी पुन्हा पुन्हा काढून बघायचो. ऑफिसातल्या कुणालाही त्या पाटीत काही वावगं दिसत नव्हतं.

मागे वळून पाहिलं की खुणा आधीपासूनच दिसतात. शाळेतल्या एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र झालं की कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर यायचा. बहुतेक मुलांना तो नकोसा असे आणि मी त्याचीच वाट बघायचो. तुमच्याही शाळेच्या दिवसांत अशी एखादी गोष्ट असेल, जी सगळ्यांना वेठ वाटायची आणि तुम्हाला नाही. तिचं नाव कागदावर लिहून ठेवा. बक्षिसं कशात मिळाली ते इथे फारसं कामाचं नाही, कारण ती बऱ्याचदा शिक्षकांच्या आग्रहाने भाग घेतलेल्या स्पर्धांची असतात.

कल चाचण्यांबद्दलही विचारलं जातं. आपल्या राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. निकालात कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रं यायची. चाचणी जरूर द्या, पण ती फार तर गाव सांगते, घर नाही. 'ललित कला' म्हटलं तरी त्यात शिल्प आलं, जाहिरात आली, कापडावरची नक्षी आली आणि माझं अक्षरांचं, म्हणजे फॉन्ट घडवण्याचं, कामही आलं. यांतल्या प्रत्येक कामाचा दिवस वेगळा असतो.

तो दिवस कसा असतो हे करूनच कळतं. प्रत्येक धंद्यात लोकांना दिसणारा भाग थोडा आणि न दिसणारा भरपूर असतो. देवनागरीचा एक फॉन्ट म्हणजे जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार धरून शेकडो आकृत्या. एखादा सुंदर 'अ' काढण्यातली मजा पहिल्या आठवड्यात संपते. मग 'र्थी'मध्ये रफार आणि दीर्घ वेलांटी एकमेकांवर चढू नयेत, 'ट्ट' छोट्या आकारात भरून जाऊ नये, दोन अक्षरांमधलं अंतर पानभर सारखं वाटावं, यात महिने जातात. मला तो भाग जड गेला नाही, तेव्हा मी या कामाकडे पेशा म्हणून पाहायला लागलो. तुम्हाला फोटोग्राफी आवडत असेल, तर लग्नाचे हजारो फोटो निवडायला बसून बघा. शिकवणं आवडत असेल, तर वह्यांचा गठ्ठा तपासा. तिथेही मन टिकलं, तर ती आवड खरी समजा.

यासाठी नोकरी सोडायची घाई करू नका. मी ऑफिस सांभाळून संध्याकाळी शिकलो. फॉन्ट बनवायचं फॉन्टफोर्ज आणि रेखाटनाचं इंकस्केप ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. 'मुक्त'सारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट उघडून आतली रचना बघता येते. बोरू, म्हणजे टोक कापलेली बोरूची लेखणी, मात्र आधी हातात धरा. देवनागरीसाठी तो इंग्रजी टाकाच्या उलट्या बाजूला तिरका कापतात, त्यामुळे जाड-बारीक कुठे येतं हे हाताला समजतं, आणि ते पडद्यावर बघून समजत नाही. मग एखादं पैसे घेऊन केलेलं काम करा, भले लग्नपत्रिका असो. गिऱ्हाईक तारीख देतं, बदल सांगतं, "अजून ठळक करा" म्हणतं. त्यानंतरही दुसरं काम हवंसं वाटतं का, ते स्वतःला विचारा.

अक्षररचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचं काम या दृष्टीने बघण्यासारखं आहे. जाहिरात क्षेत्रात त्यांनी काम केलं, पुढे पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं आणि नंतर संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फॉन्ट घडवले. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं वाचत आलो तो 'मंगल' त्यांचाच. कार्यक्षेत्र बदललं, साधनं बदलली, अक्षर तेच राहिलं. म्हणून पहिलीच नोकरी मनासारखी मिळाली नाही, तरी तुमचा गुण तिथेही वापरता येतो का ते बघा. आमच्या ऑफिसची लेटरहेड मी मागून घेऊन नव्याने मांडली होती आणि पुढची ओळख त्यातूनच झाली.

रीतसर शिकायचं असेल, तर बारावीनंतर उपयोजित कलेची पदवी आहे, त्यासाठी मुंबईचं जे.जे. हे कला महाविद्यालय सगळ्यांना माहीत असतं. पदवीनंतर डिझाइनकडे वळायचं असेल, तर सीईईडी ही प्रवेश परीक्षा आहे. प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या असतात, त्या फॉर्म भरायच्या आधी वाचा.

घरच्यांशी बोलताना 'पॅशन' हा शब्द बाजूला ठेवा आणि केलेलं काम, मिळालेले पैसे, पुढच्या वर्षाचा खर्च समोर मांडा. माझ्या वडिलांना अक्षरांतलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी जमाखर्चाचा कागद नीट वाचला आणि म्हणाले, "एक वर्ष घे." तुम्हीही असंच ठरावीक मुदत मागून घ्या. मुदत असली की घरचे रोज विचारत नाहीत आणि आपणही काम पुढे ढकलत नाही.