सेकंडहँड गाडीचे कूलंट कुठे गळते, हे कसे शोधावे

विक्रीपूर्वी गाडी धुतात तेव्हा बऱ्याचदा इंजिनावरही फवारा मारून ते चकचकीत केले जाते. घेणाऱ्याला ते पाहून बरे वाटते, पण कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) गळत असेल तर त्याच्या वाळलेल्या खुणाही त्याच पाण्याबरोबर वाहून गेलेल्या असतात. म्हणून कूलंटच्या टाकीतील पातळी उतरताना दिसली, तर वरून पाणी घालून मोकळे होऊ नये. पातळी टाकीवरील किमान रेषेच्या वर असेल आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असेल, तर आठवडाभर गाडी वापरून गळतीच्या त्या खुणा पुन्हा उमटू द्याव्यात.

पहिल्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, टाकीवर पातळीच्या रेषेवर मार्करने खूण करावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. त्यानंतरची प्रत्येक नोंद थंड इंजिनावरच आणि सपाट जागेवर घ्यावी, कारण गरम कूलंट प्रसरण पावल्याने पातळी वर दिसते. विक्रेत्याने नुकतेच कूलंट बदलले असेल, तर आत अडकलेली हवा निघून गेल्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरते आणि मग स्थिरावते. ती गळती नव्हे. पातळी उतरतच राहिली, तर मात्र शोध सुरू करावा.

रात्री इंजिनाखाली मोठा, कोरा पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग दिसला तर तो कोणत्या भागाखाली आहे हे पाहावे आणि बोटाने चाचपावे. एसीचे पाणी स्वच्छ, बिनवासाचे असते आणि उन्हाळ्यात ते पडणारच. कूलंट हिरवे, गुलाबी, नारिंगी किंवा निळे असते, बोटाला बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. ते विषारी असल्याने हात धुवावेत आणि गल्लीतील कुत्री-मांजरे ते चाटणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

आता बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात पाहावे. थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही; चालत्या गाडीत वाऱ्याने तो मागे ओढला जातो, म्हणून ओल्या भागांपैकी सर्वांत वरची जागा शोधावी. होज पाइपांची टोके व त्यांवरील क्लिपा, रेडिएटरची प्लास्टिकची बाजू जेथे अ‍ॅल्युमिनियमला जोडलेली असते ती कड आणि रेडिएटरचे झाकण या जागी पांढरट किंवा रंगीत पापुद्रा आढळला, तर चोर बहुधा तेथेच सापडतो. वॉटर पंपाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील गेले की त्यातून ओघळ येतो. माझ्या गाडीचा वरचा होज फक्त डिसेंबरच्या पहाटे गळायचा. थंडीने रबर आक्रसून क्लिप सैल पडत होती आणि गॅरेजमध्ये गाडी पोहोचेपर्यंत सारे कोरडे होत होते, त्यामुळे मेकॅनिकला माझे म्हणणे पटायला बरेच दिवस लागले.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आत सुमारे 1 बार दाब असतो, त्यामुळे 100 अंशांच्या वर गेलेले कूलंटही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते उसळून अंगावर येते.

बाहेर काहीच ओले नसेल, तर आत पाहावे. पुढच्या सीटसमोरचा, पायांखालचा गालिचा ओलसर, काचेवर तेलकट वाफ आणि केबिनमध्ये गोडसर वास असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर फुटलेला असतो. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसणे किंवा टाकीत सतत बुडबुडे येणे ही हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधील सील) गेल्याची लक्षणे होत. ‘गाडी पाणी खाते’ असे मेकॅनिक म्हणतात ते हेच, आणि त्याचा खर्च मोठा असतो. मात्र हेड उतरवायला होकार देण्यापूर्वी प्रेशर टेस्टरने तपासणी करून घ्यावी. रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब पंपाने दिल्यावर तो पंधरा मिनिटे टिकतो का, हे आपल्यादेखत पाहावे.

भर घालायची वेळ आलीच, तर डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट वापरावे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने हात सहज बोअरच्या पाण्याकडे जातो, परंतु त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवण्याचा जुना इलाजही याच कारणाने टाळावा. तिने छिद्राआधी हीटरच्या नळ्या बुजतात. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर असताना अर्धवट तुंबलेला रेडिएटर तग धरत नाही. रस्त्यात काटा वर चढलाच, तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा आणि लगेच सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे.

दुरुस्ती झाल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. तुळजापूर रस्त्याने घाटापर्यंत एक फेरी मारावी, रात्री पुन्हा पुठ्ठा पसरावा आणि सकाळी टाकीवरील मार्करची खूण पाहावी.