गोट्याचा पीसीव्ही आणि आमच्या चुका: कुत्र्याच्या ऑटोइम्यून आजारात या गोष्टी टाळा

आमच्या कुत्र्याच्या, गोट्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात, हे आमच्या घरात सगळ्यात आधी कामाला येणाऱ्या मावशींना दिसलं. तो जांभई देत होता. "ताई, याचं तोंड बघा, खडूसारखं झालंय." त्याआधी दोन दिवस तो ठाण्यातल्या येऊरच्या चढावर मध्येच बसकण मारत होता आणि आम्ही म्हणत होतो, उकाडा आहे. मग बाल्कनीतल्या पांढऱ्या लादीवर त्याची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची दिसली, तेव्हा वर्तकनगरच्या नाक्यावरून रिक्षा पकडली. पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, १४ निघाला. धडधाकट कुत्र्याचा साधारण ३७ ते ५५ असतो.

आजाराचं नाव आयएमएचए. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाल पेशींना परकं समजते आणि फोडते. या गोष्टीला आता चौदा महिने झाले. गोट्या आहे, माझ्या पायाशी घोरतोय. चुका मात्र भरपूर झाल्या, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याचशा तो बरा दिसायला लागल्यावरच्या आहेत.

रक्त काढायच्या आधी इंजेक्शन

पहिल्या दवाखान्यात "अशक्तपणा आहे" म्हणून एक इंजेक्शन मिळालं. कसलं, ते मी विचारलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला, कारण स्टेरॉइड आधी टोचलेलं असलं की पुढच्या तपासण्यांचे निकाल धूसर होऊ शकतात. रक्त चढवायचं असेल तर त्याच्याही आधी नमुना घेतलेला बरा. तेव्हा टोचण्याआधी नाव विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आपल्याकडे दुसरा घोळ गोचिडांचा. येऊरच्या गवतातून पावसाळ्यात कुत्रा फिरवून आणला की कानामागे दोन तरी चिकटलेल्या असतातच. गोचिडांमधून येणारा बबेसिया स्वतःही लाल पेशी फोडतो, आणि आयएमएचए सुरू व्हायलाही तोच कारणीभूत ठरू शकतो. म्हणून नुसत्या अंदाजाने "टिक फिव्हरच आहे" म्हणणं चूक, आणि तो तपासायचाच नाही हीसुद्धा चूक. रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघितली का, बबेसियाची पीसीआर पाठवली का, हे विचारायला लाजू नका. आमच्या डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात सलाइन मिसळून माझ्यासमोर धरलं. रक्त एकसारखं पसरण्याऐवजी रव्यासारखे कण धरले होते. पेशी एकमेकींना चिकटत होत्या. दहा मिनिटं समजावून जे कळलं नसतं, ते त्या पट्टीवर दिसलं.

रक्तासाठीचा मेसेज

मी घाबरून सगळ्या ग्रुपवर टाकलं: "अर्जंट, कुत्र्यासाठी रक्त हवंय, प्लीज फॉरवर्ड." चाळीस हात जोडलेले इमोजी आले. रक्तदाता एकही नाही. मेसेजमध्ये लागतं ते एवढं: आजारी कुत्र्याचं वजन, पीसीव्ही, दवाखाना कुठे आहे, किती वाजेपर्यंत हवंय, आणि कसा कुत्रा चालेल. साधारण १ ते ८ वर्षांचा, २५ किलोच्या वरचा, लसीकरण झालेला, कुठलंही औषध चालू नसलेला. दात्याचीही टिक फिव्हरची तपासणी करून घ्या, नाहीतर एका आजारात दुसरा मिसळायचा. दुसरा मेसेज असा नीट लिहिला, तर अडीच तासांत कासारवडवलीचा एक लॅब्रेडोर मालकासकट हजर.

रक्त चढवल्यावर गोट्या उठून बसला आणि आम्हाला वाटलं, जिंकलो. चढवलेलं रक्त फक्त वेळ मिळवून देतं. प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं काम करायला काही दिवस घेतात, आणि तोवर नव्या पेशीही फुटू शकतात. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्यात रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसात अडकण्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळीही चालू असते. कुत्रा स्वस्थ पडलेला असताना अचानक धाप लागली तर "सकाळी बघू" म्हणू नका. रात्री उघडं काय असतं, हे आधीच फोन करून विचारून ठेवा. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, पण घोडबंदर रोडवरून संध्याकाळी सातला निघालात तर माजिवड्यालाच तास जाईल. जवळचं एक आणि लांबचं एक, असे दोन नंबर फ्रिजवर लावा.

"याची इम्युनिटी वाढवा"

हे प्रत्येक जण सांगणार. आमच्या सासूबाईंनी गुळवेलीचा काढा केलाच होता. त्यांना म्हटलं, आई, याची प्रतिकारशक्तीच तर जास्त झालीय, तीच त्याला खातेय. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या, मग काढा स्वतःच प्यायल्या. (माणसांच्या बाबतीतही मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा.) या कुत्र्यांच्या यकृतावर औषधांचा ताण आधीच असतो, तेव्हा काढा, चूर्ण, पावडर काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्याने लाल पेशी फुटतात. आमटीत कालवलेला भातही त्यात आला. आणि स्टेरॉइड चालू असताना लंगडतो म्हणून मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामक गोळी दिलीत तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

वॉशिंग मशिनमागच्या तीन गोळ्या

सहाव्या आठवड्यात पीसीव्ही ३४ वरून २६ वर आला. आजार उलटला असं सगळ्यांना वाटलं, दुसरं औषध जोडायची बोलणी सुरू झाली. आणि दसऱ्याची साफसफाई करताना वॉशिंग मशिनमागे प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे त्याच्या स्टेरॉइडच्या, तीन गोळ्या सापडल्या, चपातीचा तुकडा वाळून चिकटलेल्या. साहेब चपाती चाटून गोळी तिथे नेऊन थुंकत होते.

तेव्हा आकडा घसरला की आधी घर तपासा. गोळी कोणी दिली? गिळताना बघितली का? उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकात दाबून द्या, मागोमाग दुसरा घास दाखवा, म्हणजे पहिला पटकन गिळला जातो. वहीत वेळ आणि देणाऱ्याची सही, अगदी बँकेसारखी. रक्त त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने तपासलंय का, हेही बघा. पेशी चिकटत असतील तर मशिनचा आकडा फसवतो. नळी फिरवून मोजलेला पीसीव्ही जास्त भरवशाचा.

पाण्याचं भांडं उचलणं

स्टेरॉइडने कुत्रा पाणी ढसाढसा पितो, मग घरात लघवी करतो. आम्ही दोन रात्री भांडं उचलून ठेवलं. अजून वाईट वाटतं. पाणी ठेवायचंच. रात्री अकराची एक फेरी वाढवायची आणि दाराशी जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. ढेरी सुटणं, धापा टाकणं, कचऱ्याच्या डब्यात तोंड घालणं हेही त्याच गोळीचं, आणि डोस उतरला की बरंचसं ओसरतं.

पण डोस उतरवायचा डॉक्टरांनी. दिवाळीत गोट्या नाचायला लागला म्हणून मी मनाने गोळी अर्धी करणार होते. अमेरिकन पशुवैद्यक तज्ज्ञांच्या २०१९ च्या शिफारशींनुसार पीसीव्ही ३० च्या वर दोन आठवडे स्थिर राहिल्यावर, दर तीन आठवड्यांनी साधारण पाव भाग कमी करत जायचं. म्हणजे महिने लागतात. एकदम बंद केली तर आजार उलटू शकतो, शिवाय शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी सुस्तावलेली असते, तीही लगेच जागी होत नाही. गावाला जाताना मोजून आठवडाभराच्या जादा गोळ्या न्या.

कोणी ठरवायचं, ते न ठरवणं

खरं भांडण इथे झालं. दीर पुण्याहून फोनवर म्हणायचे, "जे लागेल ते करा, पैशाकडे बघू नका." रात्री तीनला लघवी पुसायला मी. मग नवऱ्याने आणि मी एका संध्याकाळी उपवनच्या कट्ट्यावर बसून लिहून काढलं: हातात किती पैसे आहेत, कर्ज काढायचं नाही, रक्त जास्तीत जास्त तीनदा, आणि कायमचं झोपवायची वेळ आली तर डॉक्टरांना हो कोण म्हणणार. ते काम नवऱ्याने घेतलं. लिहिताना दोघंही रडलो. पण दुसऱ्यांदा रक्त द्यायची वेळ आली, तेव्हा दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये वाद झाला नाही. डॉक्टरांना मी एवढंच विचारलं, "तुमचा कुत्रा असता तर?" ते म्हणाले, "अजून चार दिवस देईन." आम्ही चार दिवस दिले.

परवा सोसायटीच्या ऑफिसने लसीचं सर्टिफिकेट मागितलं. अशा कुत्र्याला कुठली लस कधी द्यायची हे डॉक्टर ठरवतात, म्हणून त्यांच्याकडून लेटरहेडवर चिठ्ठी लिहून आणली आणि फाइलला लावली. फाइल आता टेलिफोन डिरेक्टरीएवढी झालीय. मागच्या सोमवारचा पीसीव्ही ४१.