कोकणातले तळघर, होम थिएटर आणि बार : या चुका टाळा

कोकणात उतारावर बांधलेल्या घराखाली बहुधा एक खोली आपोआपच मिळते. रस्त्याकडून जो तळमजला दिसतो, तोच मागच्या आगरातून पाहिला तर वरचा मजला ठरतो, आणि त्याच्याखाली तीन बाजूंनी डोंगरात शिरलेली व एका बाजूने उघडी अशी जागा उरते. दुपारचा उजेड तिथे पोहोचत नाही, भिंती जाड चिऱ्याच्या असतात आणि पत्र्यावर कोसळणारा पाऊस तिथे ऐकू येत नाही, त्यामुळे होम थिएटरसाठी ही जागा खरोखरच उत्तम आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात आम्ही अशी खोली केली आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत तिची बरीच दुरुस्तीही केली. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, पडदा केवढा आणि प्रोजेक्टर कोणता हे प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावेत. खोलीत पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा.

पहिली चूक : एकही पावसाळा न पाहता काम सुरू करणे

कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपला जांभा सच्छिद्र आहे. पाणी त्यातून झिरपत खाली जाते, खालच्या चिकणमातीवर किंवा कातळावर अडते आणि मग आडवे वाहू लागते. एप्रिलमध्ये खणलेले तळघर हाताला कोरडे ठणठणीत लागते, गवंडीही खात्री देतो, आणि आषाढात त्याच भिंतीच्या तळाशी बोटभर रुंदीची झर सुरू होते. म्हणून बांधकाम झाल्यावर एक अख्खा पावसाळा खोली रिकामी ठेवावी, भिंतींवर फक्त साधा गिलावा असावा, आणि दर आठवड्याला कुठे डाग वाढतो ते खडूने आखून त्यावर तारीख लिहावी. चार महिने थांबणे जिवावर येते, पण आमच्या खोलीचा खरा नकाशा त्या खडूच्या रेघांनीच काढून दिला.

जे तळघर अजून खणायचे आहे, त्याच्याबाबत आधी परवानग्या पाहाव्यात. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सागरी किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये येतो, आणि तिथे खोदाईवर व बांधकामावर कडक बंधने आहेत. शिवाय समुद्राच्या इतक्या जवळ भूजलाची पातळी पावसाळ्यात बरीच वर येते. सपाट, वाळूच्या पुळणीवरच्या जमिनीत तळघर करूच नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. तिथे पडवीलगतची एखादी आतली खोली थिएटरसाठी निवडावी.

दुसरी चूक : आतून रंग लावून ओल दाबणे

भिंतीला ओल दिसली की आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पाणी मात्र बाहेरून दाब देत असते, त्यामुळे सहा महिन्यांत त्या रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि मागे लोणा साचलेला दिसतो. खरा उपाय बाहेरच्या बाजूला आहे. डोंगराकडच्या अंगाला, घरापासून थोडे दूर, वरचे पाणी वळवणारा चर काढावा. भिंतीच्या पायाशी छिद्रांचा पाइप खडीत बसवून, खडीभोवती गाळ अडवणारे कापड गुंडाळून, त्याचा निचरा उताराच्या मोकळ्या बाजूला न्यावा. आणि वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीच्या बाहेरच्या अंगावर द्यावा. पागोळ्यांचे पाणी पन्हळीत धरून लांब सोडले, तर निम्मे काम तिथेच होते. पाइपाच्या मोकळ्या तोंडाला बारीक जाळी बसवायला विसरू नये, कारण जांभ्याच्या सापटींत राहणारे फुरसे आणि उंदीर दोघांनाही असा पाइप आवडतो.

उताराची बाजू मोकळी नसेल, तर खड्डा करून पाणी उपसणारी मोटर ठेवावी लागते. इथे एक घातक चूक नेहमी होते : मोटर घरच्या विजेवर जोडलेली असते, आणि ज्या रात्री पाऊस सर्वांत जास्त कोसळतो त्याच रात्री वीज जाते. ही मोटर इन्व्हर्टरवरच हवी, तिला आपोआप चालू होणारा फ्लोट हवा आणि पाइपात पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह हवा.

ओल बाहेरून झिरपते आहे की खोलीतल्याच हवेतून भिंतीवर धरते आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. हातभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या अंगाला पाणी जमले तर ते भिंतीतून आले. बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला दव धरले तर दोष हवेतल्या दमटपणाचा. आमच्याकडे डोंगराकडच्या भिंतीवर पहिला प्रकार निघाला आणि शेजारच्या आडव्या भिंतीवर दुसरा, म्हणजे एकाच खोलीला दोन वेगळे उपाय लागले.

तिसरी चूक : थंड देशांतली पद्धत जशीच्या तशी उचलणे

तळघरातल्या थिएटरचे बहुतेक व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या मुलखातले असतात. तिथे घरातली उबदार वाफ बाहेरच्या गार भिंतीकडे जाते, म्हणून इन्सुलेशनच्या आतल्या, खोलीकडच्या बाजूला प्लॅस्टिकचा थर देतात. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पावसाळ्यातली ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा सुमारे २६ अंशांवर दव सोडू लागते, आणि आपण तर एसी २२ वर लावून बसलेलो असतो. बाहेरून येणारी वाफ त्या गार प्लॅस्टिकवर किंवा व्हिनाइलच्या वॉलपेपरमागे अडते, तिथे पाणी होते आणि महिनाभरात काळी बुरशी धरते. तेव्हा आतल्या बाजूला हवा न कोंडणारे साहित्य वापरावे, चुन्याचा किंवा वाफ जाऊ देणारा रंग द्यावा, आणि लाकडी किंवा धातूची चौकट भिंतीपासून दोन इंच सुटी ठेवावी.

एसीने ओल जाते हा समज अर्धाच खरा आहे. खोली लवकर गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. तळघराला स्वतंत्र डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा काढून घेणारे यंत्र, लागते, आणि त्याची बादली रोज रिकामी करावी लागू नये म्हणून नळी थेट निचऱ्यात सोडावी. खोलीत एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे उपकरण) टांगून आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहते आहे ना, ते पाहत जावे.

लाकडाच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ तळघरात आणूच नयेत. त्यांच्या कडा एका पावसाळ्यात फुगतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्यावा, आणि वाळवीविरोधी उपचार जमीन करतानाच करून घ्यावा. बिजागऱ्या आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण खाऱ्या वाऱ्यात नेहमीच्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवरही तांबूस ठिपके पडतात.

वायरिंग, अर्थिंग आणि तो घुंऽऽ आवाज

कोणतेही चित्र सुरू नसताना स्पीकरमधून एकसुरी घुंऽऽ ऐकू येत असेल, तर तो ५० किंवा १०० हर्ट्झचा आवाज असतो, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण दोन उपकरणे दोन वेगळ्या जागी जमिनीला जोडलेली असणे हे असते. आधी ॲम्प्लिफायर सोडून एकेक केबल काढत जावे. डिशची किंवा केबल टीव्हीची तार काढताच आवाज थांबला, तर दोषी सापडला. सगळी उपकरणे एकाच सर्किटवर आणावीत आणि त्या तारेवर आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन तारेतला जमिनीचा जोड तोडणारे छोटे उपकरण, बसवावे. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे, आणि ओल्या तळघरात तर कधीही मानू नये.

जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात वाळतो आणि त्याचा रोध वाढतो. वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा याचा फटका बसतो. मे महिन्यात खड्ड्यात पाणी घालावे, वायरमनकडून वर्षातून एकदा अर्थिंग मोजून घ्यावे आणि मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण) बसवावा.

केबलचे पाइप जमिनीखालून नेले, तर त्यांत पाणी साठते. ते छताजवळून न्यावेत, आणि एक जादा रिकामा पाइप आत दोरी घालून ठेवावा. प्रोजेक्टरपर्यंतची एचडीएमआय लांबी दहा मीटरच्या घरात गेली, की साध्या तांब्याच्या केबलवर ४के चित्र अधूनमधून काळे होते. तिथे ऑप्टिकल केबल लागते, आणि तिच्यावरचा बाण पाहून ती बसवावी, कारण उलटी जोडली तर ती चालतच नाही.

आवाजाची खोली आणि अंड्यांचे ट्रे

खोली चौरस असेल तर शक्य तेवढी आखणी बदलावी. १२ बाय १२ फुटांच्या खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हींमुळे ४७ हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर दुप्पट घुमतो. एका खुर्चीवर ढोल छातीत वाजतो आणि शेजारच्या खुर्चीवर तो ऐकूच येत नाही. हा दोष फोम चिकटवून जात नाही, कारण पातळ फोम आणि अंड्यांचे ट्रे फक्त वरचे सूर शोषतात, आणि आपल्या हवेत त्यांना बुरशी धरते ती वेगळीच. दोन ते चार इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या तंतूंचे) पाट कापडात गुंडाळून भिंतीपासून थोडे सुटे टांगावेत. ते नेमके कुठे लावावेत हे कळण्यासाठी आपण खुर्चीत बसावे आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगावे. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे पाट हवा. सबवूफरसाठी तर उलटाच मार्ग सोपा : तो बसायच्या जागी ठेवून एखादे मंद्र सुरांचे संगीत लावावे आणि भिंतीकडेने रांगत जाऊन बास जिथे सर्वांत स्वच्छ वाटेल, तिथे त्याला कायमचा बसवावा.

पडद्याच्या आकाराचा हव्यास मात्र आवरावा. १०० इंची पडदा सुमारे सव्वासात फूट रुंद असतो, आणि त्याच्यासाठी १० ते साडेतेरा फुटांचे अंतर डोळ्यांना सुखाचे वाटते.

बार करताना

बारचे काउंटर खोलीच्या मागच्या भिंतीशी, खुर्च्यांच्या पाठीमागे ठेवावे असे मी सुचवतो. काउंटर साधारण ४२ इंच आणि स्टूल ३० इंच उंच ठेवले, की मागे बसणाऱ्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जाते, आणि दुसऱ्या रांगेसाठी चौथरा करून छताची उंची घालवावी लागत नाही. बारच्या दिव्यांना वेगळा डिमर द्यावा आणि पाठीमागे आरसा लावू नये. आरशातला उजेड पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी दिसतो.

आमच्या खोलीत एकदा एक बारीक किणकिण सुरू झाली. स्पीकर बदलून पाहिले, तारा घट्ट केल्या, आणि शेवटी फोनवरून सुरांची पट्टी खालून वर चालवत गेल्यावर साठ हर्ट्झच्या जवळ ती ऐकू आली : काउंटरवर उलटे टांगलेले ग्लास एकमेकांना टेकत होते. ग्लासांमध्ये बोटभर अंतर ठेवले आणि फळीवर रबराची पट्टी लावली, तेव्हा खोली शांत झाली. फ्रिजची घरघरही शांत प्रसंगांत ऐकू येते. तो बाहेरच्या जिन्याखाली ठेवता आला तर उत्तम, आणि काउंटरखालीच ठेवायचा असेल तर मागे हवा खेळायला जागा सोडावी, नाहीतर तो सतत चालत राहतो.

बेसिन हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. तळघर शोषखड्ड्याच्या पातळीखाली असेल, तर बेसिनचे पाणी आपोआप बाहेर जात नाही, आणि मुसळधार पावसात खड्डा भरला की ते उलटे वर येते. तिथे उपसा पंप आणि उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह दोन्ही लागतात. हे जमत नसेल तर बेसिन नको. एक घडवंची, पाण्याचा कॅन आणि वर धुवायला नेण्याची परडी एवढ्यावर भागते.

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. बिअर व वाइनसाठी किमान वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ आहे. गोव्यातून स्वस्त बाटल्या परवान्याशिवाय आणणे हा गुन्हा आहे, आणि सिंधुदुर्गातल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बुचाच्या वाइनच्या बाटल्या आडव्या आणि इतर मद्याच्या उभ्या ठेवाव्यात, कारण तीव्र मद्य बुचाला टेकून राहिले की बूच भुसभुशीत होते. आमच्या काउंटरवर सगळ्यांत जास्त मागणी कोकम सरबताला आणि सोलकढीला आहे, आणि त्यासाठी काचेच्या किंवा स्टीलच्या बरण्या ठेवाव्यात. कोकमाचे आंबट धातूला खाते, म्हणून ॲल्युमिनियमचे किंवा पितळेचे भांडे वापरू नये.

घर बंद असताना

कोकणातल्या अनेक घरांचे मालक मुंबईला असतात. मे संपला की घराला कुलूप लागते आणि गणपतीला उघडते. या तीन महिन्यांत प्रोजेक्टरच्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते, कातड्याच्या खुर्च्यांवर पांढरी बुरशी बसते आणि स्पीकरच्या जोडांवर हिरवट थर चढतो. जाण्यापूर्वी प्रोजेक्टर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, खुर्च्यांवर प्लॅस्टिकऐवजी सुती चादर टाकावी, फ्रिज पुसून त्याचे दार थोडे उघडे ठेवावे, आणि वाडीतल्या ज्यांच्याकडे किल्ली असते त्या काकांना आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या बंद ठेवून डिह्युमिडिफायर तासभर चालवायला सांगावे. परत आल्यावर गणपतीच्या धांदलीत लगेच स्विच दाबू नयेत. आधी डिह्युमिडिफायर आणि पंखा पूर्ण एक दिवस चालवावा, हायग्रोमीटर साठच्या खाली आला की प्लग आणि जोड कोरड्या कापडाने पुसावेत, आणि मगच ॲम्प्लिफायर, त्यानंतर प्रोजेक्टर, असे एकेक करून सुरू करावे.