गिलाव्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवा

नव्या घरात मांडणी, देव्हारा, आरसा लावताना ड्रिल भिंतीतल्या वायरीत किंवा पाण्याच्या पाईपमध्ये घुसतं, आणि रंगवलेली भिंत फोडावी लागते.

वायरमन-प्लंबरचे पाईप भिंतीत कापलेल्या झिऱ्यांमध्ये (खाचांमध्ये) बसले की, गवंडी गिलाव्याला हात घालण्याआधी एवढं करा:

१. प्रत्येक भिंतीवर खडूने खोली आणि दिशा लिहा. उदा. ‘स्वयंपाकघर, पूर्व’.

२. पाईपला मोजायची टेप लावून, आकडे वाचता येतील असा फोटो काढा. माप जमिनीपासून घेऊ नका. भर आणि फरशी पडल्यावर जमीन वर येते, सगळे आकडे चुकतात. छतापासून आणि दार-खिडकीच्या चौकटीपासून घ्या. गिलाव्याने तिथे बोटभर फरक पडेल, तेवढा चालतो.

३. नळाच्या भिंतींचे फोटो जास्त काढा. तिथे पाईप आडवे-तिडवे वळतात.

फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, वायरमनलाही पाठवा.

फोटो असला तरी ड्रिल लावण्याआधी मेन स्विच बंद करून बॅटरीवरचं ड्रिल वापरा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली तर भोक पाडूच नका.