आईपासून तोडलेल्या डुकराच्या पिल्लांचं पोट सांभाळताना

काणकोणात आम्ही आगोंद गोवन जातीची डुकरं पाळतो. पिल्लं आईपासून तोडली की पहिला आठवडा मी रोज सकाळी प्रत्येकाची शेपटी उचलून बघते. खाली ओलं, पिवळट चिकटलेलं दिसलं की हगवण लागली समजायचं.

दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनतं, त्यानं पोट आंबट राहतं. दूध तुटलं की पिल्लाच्या जठरात पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि ई. कोलाय या हगवण लावणाऱ्या जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून १०० किलो खाद्याला एक ते दीड किलो सायट्रिक अ‍ॅसिड घाला. आधी ते मूठ-दोन मूठ कोंड्यात कालवा, मग थोडं थोडं खाद्य वाढवत मिसळा. एकदम ओतलं तर एका पिल्लाला जास्त, दुसऱ्याला काहीच नाही. प्रोबायोटिक देत असाल तर कढत पेजेत टाकू नका, त्यातले जिवंत जंतू मरतात.

सोयाबीन पेंड सुरुवातीला कमीच ठेवा. खाणं दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं.

कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, माणसाच्या खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर २०१९ पासून भारतात बंदी आहे. हगवणीवर झिंक ऑक्साइडचा (जस्ताचं संयुग) औषधी डोसही मला पटत नाही. युरोपीय संघानं तो २०२२ मध्ये थांबवला. पिल्लाचे डोळे खोल गेले तर घरगुती उपाय सोडा, लगेच पशुवैद्याला बोलवा.