पावसाळी मुक्कामात चूल पेटवायला काय न्यावं?

जुलैत भंडारदऱ्याच्या बाजूला तंबूत मुक्काम असला आणि चूल पेटली नाही, तर दोष बहुधा लायटरचा नसतो. लायटर पेटतो, कागदही पेटतो. पण अर्ध्या मिनिटात कागदाची राख होते आणि काटक्या नुसत्या काळ्या पडतात. दमट काटकीतलं पाणी आधी उडून जावं लागतं, मगच ती पेट घेते. बोटाएवढ्या काटकीला त्यासाठी चार-पाच मिनिटं सलग ज्योत लागते. म्हणून पेटवण निवडताना ज्योत किती मोठी हे बघू नका, ती किती मिनिटं टिकते हे घड्याळ लावून बघा.

या कसोटीवर घरी केलेल्या मेण-भुशाच्या वड्या सगळ्यात सरस ठरतात. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या, प्लास्टिकचा नको. सुताराकडचा कोरडा भुसा प्रत्येक खळग्यात पाऊण भरा, फार दाबू नका. जुन्या मेणबत्त्यांचं मेण पातेल्यात घालून ते पातेलं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि वितळवा. थेट गॅसवर ठेवलं तर मेण जास्त तापून भडकू शकतं, आणि भडकलेल्या मेणावर पाणी ओतलं की ते उसळून अंगावर येतं. तसं झालंच तर गॅस बंद करून वर झाकण घाला. वितळलेलं मेण भुसा पूर्ण भिजेपर्यंत ओता, गार झालं की खळगे कापून सुटे करा. एक वडी साधारण दहा मिनिटं जळते. पेटवताना पुठ्ठ्याची कड फाडून तिचे तंतू मोकळे करा; गुळगुळीत मेणाला काडी लावत बसलात तर काड्याच संपतील. दोन रात्रींसाठी सहा वड्या पुरतात.

एवढा खटाटोप नको असेल तर कापूस आणि व्हॅसलीन. सुपारीएवढ्या बोळ्याला अर्धा चमचा व्हॅसलीन बाहेरून चोळा, आतला थोडा कापूस कोरडा राहू द्या. पेटवताना बोळा ओढून विस्कटा, म्हणजे कोरडे धागे ठिणगी पकडतात आणि व्हॅसलीन त्यांना तीन-चार मिनिटं जळत ठेवतं. बोळा पूर्ण चिकट झाला असेल तर ठिणगीने पेटत नाही. मात्र कापूस सुती हवा, सिंथेटिक नको, तो वितळतो. आणि डबी घट्ट झाकणाची, नाहीतर मे महिन्यात व्हॅसलीन पाझरून सॅकभर होतं.

देवघरातला कापूर दमट हवेतही झटकन पेटतो, पण छोटी वडी लवकर संपते, काजळीही बरीच धरते. तो मेणाची वडी पेटवायला वापरा, काटक्या पेटवायला नको. उघडा राहिला तर हवेत उडून जातो, त्यामुळे हवाबंद डबीतच ठेवायचा.

विकतच्या वड्यांमध्ये पांढऱ्या, रॉकेलचा वास येणाऱ्या वड्या पटकन पेटतात. पण पाकीट फुटलं की त्यातलं इंधन उडतं, आणि शेजारच्या पोह्यांना वास लागतो तो वेगळाच. बंद पाकिटालाही बाहेरून वास येत असेल तर घेऊ नका. लाकडाच्या तंतूंना मेण लावलेल्या तपकिरी वड्या सॅकमध्ये जास्त टिकतात. हेक्सामिन या घन इंधनाच्या गोळ्या छोट्या घडीच्या शेगडीसाठी ठीक, 14 ग्रॅमची गोळी सुमारे बारा मिनिटं जळते. पण पातेल्याच्या बुडाला चिकट थर बसतो, धूर नाकात जाऊ देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

रॉकेल-पेट्रोल मुळीच नेऊ नका. रेल्वेत ते नेणं गुन्हा आहे, आणि धुमसत्या चुलीवर ओतलं तर भडका थेट हातापर्यंत येतो. सॅनिटायझरची ज्योत उन्हात दिसतच नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे ओलेही पेटतात, पण त्या धुरावर भात शिजवू नये. कोकणात काजूची टरफलं सहज मिळतात; त्यांच्या तेलाने कातडी भाजते आणि धूरही झोंबतो, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा नारळाचं सुकं सोडण बरं.

ठिणगीची साधनं दोन न्या, वेगवेगळ्या खिशांत. काडेपेटीत आधी दगा देते ती बाजूची घासायची पट्टी. तांबडा फॉस्फरस तिथेच असतो आणि ती ओली झाली की कोरड्या काड्याही निकामी. म्हणून पेटी झिपच्या पिशवीत ठेवा. लायटरचं चाक भिजलं तर फुंकर मारून कोरड्या कापडावर फिरवा. फेरो रॉड, म्हणजे पात्याने घासली की ठिणग्या देणारी धातूची कांडी, भिजला तरी चालतो, पण नवा असताना त्यावरचा काळा थर आधी खरवडावा लागतो. पातं स्थिर धरून रॉड मागे ओढा. पातं पुढे ढकललं की रचलेलं पेटवण उधळतं.

वडी ओल्या मातीवर ठेवू नका, खाली चार ढलप्यांचा पाट करा. वर काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, शेवटी बोटाएवढ्या. ओलं लाकूड चिरलं की आतला भाग बहुधा कोरडा निघतो, तोच आतल्या बाजूला लावा. बांबू अख्खा घालू नका. पेरातली हवा तापून तो फुटतो.

राखीव जंगलात आणि अभयारण्यात मात्र यातलं काही काढायचं नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1927 च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. चूल मांडायची ती मालकाला विचारून, त्याच्या शेतात किंवा कॅम्पच्या जागेवर. उठताना पाणी ओता, राख काठीने ढवळा, परत पाणी ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ धरल्यावर ऊब लागली तर अजून एक तांब्या.