साथ आली की गावाला काय सांगावे, कसे सांगावे

एखाद्या गावात दोन दिवसांत जुलाब-उलट्यांचे रुग्ण अचानक वाढले की आरोग्य यंत्रणेची कामे ठरलेली असतात. पाण्याचे आणि शौचाचे नमुने घेतले जातात, गळती शोधली जाते, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का याची तपासणी होते, घरोघर सर्वेक्षण सुरू होते. या सगळ्यात गावाशी बोलण्याचे काम मात्र मागे पडते. त्याचे कारणही बहुधा एकच दिले जाते, ते म्हणजे ‘अहवाल येऊ द्या, मग सांगू’. अहवाल यायला दोन-तीन दिवस सहज जातात आणि तेवढ्या वेळात गावाने आपापले कारण शोधून काढलेले असते. म्हणून पहिला संदेश अहवालाची वाट न पाहता, रुग्ण वाढल्याचे लक्षात आले त्याच दिवशी गेला पाहिजे. हे टिपण सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि नगरपालिकेचे आरोग्य विभाग यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

पहिल्या संदेशात चार गोष्टी असाव्यात. काय घडले आहे, काय अजून नक्की कळलेले नाही, लोकांनी आत्ता काय करायचे आणि पुढची माहिती कधी मिळणार. आपल्याकडे निघणाऱ्या सूचनांमध्ये या चारांपैकी एकही गोष्ट बऱ्याचदा नसते. नमुन्यादाखल नेहमीच्या धाटणीची एक सूचना पाहावी:

‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, जलजन्य आजारांचा प्रादुर्भाव होण्याची शक्यता नाकारता येत नसल्याने सर्वांनी योग्य ती खबरदारी घ्यावी व प्रशासनास सहकार्य करावे. घाबरून जाऊ नये.’

ही सूचना ऐकून माणूस घरी जाऊन काय करणार? खबरदारी म्हणजे नेमके काय हे त्यात नाही, पाणी कोणते हे नाही आणि शेवटच्या वाक्याने तर घाबरण्यासारखे काहीतरी नक्की आहे एवढेच कळते. तीच सूचना अशी देता येईल:

‘जुन्या टाकीच्या नळाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. कालपासून गावात जुलाब-उलट्यांचे 23 रुग्ण आढळले आहेत. त्रास या पाण्यामुळे झाला असावा असा संशय आहे. नमुने तपासणीला पाठवले आहेत, कारण अजून नक्की झालेले नाही. पाणी खळखळून उकळू द्या, उकळी एक मिनिट राहू द्या आणि गार करून प्या. जुलाब सुरू होताच ओआरएस घ्या, पाकिटे आशाताईंकडे आणि शाळेत मोफत मिळतील. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले किंवा प्यायलेले पाणीही पोटात टिकत नसेल, तर थांबू नका, आरोग्य केंद्रात या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. पुढची माहिती आज संध्याकाळी सहा वाजता.’

यात करायची गोष्ट पहिल्याच वाक्यात आहे, कारण भोंग्यावरून ऐकणारा माणूस बहुतेक वेळा पहिली दोन वाक्येच ऐकतो. पाणी किती वेळ उकळायचे तेही सांगितले आहे. वीस मिनिटे उकळा असे सांगणे सोपे असते, पण सिलिंडर पुरवून वापरणारे घर ते करणार नाही, आणि एकदा एक सूचना अव्यवहार्य ठरली की बाकीच्याही ऐकल्या जात नाहीत. सूचनेत आळीचे किंवा वस्तीचे नाव न घेता टाकीचे नाव घेतले आहे, तेही मुद्दाम. धोका पाण्यात आहे आणि तो कोणत्या नळाला आहे हे कळणे आवश्यक आहे. वस्तीचे नाव आले की दुसऱ्या दिवसापासून तिथल्या मुलांना शाळेत वेगळे बसवले जाते.

‘अजून नक्की झालेले नाही’ हे वाक्य लिहायला अधिकारी कचरतात. आपण अडाणी ठरू असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात आज ठामपणे सांगितलेले कारण उद्या बदलावे लागले, तर त्याने होणारे नुकसान कितीतरी मोठे असते. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम) रुग्ण वाढले, तेव्हा ही अडचण ठळकपणे दिसली. हा आजार नवा नाही, त्याचे वर्णन 1916 मध्येच झालेले आहे, पण बहुतेकांनी त्याचे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. मात्र त्याआधी होणारा पोटाचा संसर्ग दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पसरू शकतो, आणि काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. आता ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ एवढेच सांगितले, तर ऐकणारा पाणी उकळणे सोडून देतो, आणि ‘पाण्यातून पसरतो’ एवढेच सांगितले, तर शेजारी रुग्णाच्या घरी जाणे बंद करतात. अशा वेळी दोन्ही वाक्ये जोडूनच सांगावी लागतात: रुग्णाजवळ बसायला हरकत नाही, पण पाणी उकळूनच प्या.

संध्याकाळी सहाला माहिती देऊ असे म्हटले असेल, तर सहाला ती दिलीच पाहिजे. सांगण्यासारखे नवे काही नसेल, तर ‘अहवाल अद्याप आलेला नाही, उद्या सकाळी नऊला पुन्हा सांगू’ एवढे तरी सांगावे. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच व्यक्तीने बोलावे. सरपंच एक आकडा सांगतात, तालुक्याहून दुसरा येतो आणि पालकमंत्र्यांच्या भेटीत तिसराच ऐकू येतो, असे झाले की तिन्ही खोटे ठरतात. आकडा देताना तो आजचा आहे की पहिल्या दिवसापासूनचा, संशयित रुग्णांचा आहे की तपासणीत निश्चित झालेल्यांचा, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे.

संदेश भोंग्यावरून जाण्याच्या तासभर आधी तो गावातल्या मोजक्या लोकांपर्यंत पोहोचलेला असावा: आशा, अंगणवाडी सेविका, पाणी सोडणारा कर्मचारी, खासगी डॉक्टर आणि औषध दुकानदार. लोक खात्री करून घ्यायला यांच्याकडेच जातात, आणि ‘मला काही कल्पना नाही’ हे आशाताईंचे उत्तर सगळ्या सूचनेवर पाणी फिरवते. त्यानंतर दवंडी, घंटागाडीचा स्पीकर, देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, गावाचा व्हॉट्सॲप गट, आठवडी बाजार अशी जी साधने असतील ती सगळी वापरावीत. वेळ मात्र पाहावी. सकाळी अकराला दवंडी दिली तर शेतात गेलेले अर्धे गाव तिला मुकते. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आणि वीटभट्ट्यांवरची कुटुंबे कोणत्याच गटात नसतात, तिथे माणूसच पाठवावा लागतो. मेळघाटात कोरकू आणि धडगावच्या पाड्यांवर पावरी बोलणाऱ्या स्थानिक आशाताईंच्या आवाजातला व्हॉइस मेसेज छापील पत्रकापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

सांगितलेले समजले का, हे तपासण्याचा मार्ग साधा आहे. ओआरएस कसे करणार, ते समोरच्यालाच विचारावे. पाकीट थोडे थोडे करून पेल्यात टाकणारे बरेच निघतात. तेव्हा एक लिटरची बाटली दाखवून, पूर्ण पाकीट एकाच वेळी त्यात कालवायचे आणि 24 तासांनंतर उरलेले ओतून द्यायचे, हे हातानेच करून दाखवावे.

अफवेला उत्तर देताना ती मथळ्यात घेऊ नये. आधी खरी माहिती सांगावी, मग अफवेचा एका वाक्यात उल्लेख करून ती चूक का आहे ते सांगावे आणि पुन्हा खऱ्या माहितीवर यावे.

रुग्णाचे नाव, फोटो, घराचा पत्ता यातले काहीही बाहेर जाता कामा नये. करोनाच्या काळात घरांवर चिकटवलेल्या फलकांनी काय झाले ते अनेकांनी पाहिले आहे. सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2020 मध्ये सांगावे लागले. त्याहून जुना दाखला पुण्याचाच आहे. 1897 च्या प्लेगमध्ये रँड यांच्या प्लेग कमिटीने सैनिकांकरवी घरझडत्या घेतल्या, माणसे उचलून नेली, आणि परिणाम असा झाला की लोक आजारी माणसे लपवू लागले. आजही सर्वेक्षणाला आलेल्या आरोग्यसेविकेने दारात उभे राहून आधी आपण का आलो आहोत आणि ही माहिती कोणाकडे जाणार आहे हे सांगितले, तर तिला खरी उत्तरे मिळण्याची शक्यता वाढते.

साथ ओसरल्यावर शेवटचा संदेश द्यायचा राहून जातो आणि लोक महिनाभर त्याच धास्तीत राहतात किंवा दुसऱ्याच दिवशी सगळे विसरतात. पाणी पुन्हा पिण्यायोग्य झाले आहे का, कोणत्या तारखेच्या तपासणीवरून तसे म्हटले आहे, गळती कुठे सापडली आणि ती दुरुस्त झाली की अजून बाकी आहे, हे सगळे त्यात असावे. दुरुस्ती बाकी असेल तर ती कोण आणि कधीपर्यंत करणार, तेही त्याच भोंग्यावरून सांगावे.